डोकं, शेपूट आणि मामांचा रिपोर्ट

मराठी विभागाच्या मॅडमनी लेख मागताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, कविता नको, कविता भरपूर आल्या आहेत. दोन, तांत्रिक विषय घे, पण मेसमध्ये जेवता जेवता वाचता आला पाहिजे. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि पेपरात आईला पत्र. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ते माझं, आणि जिथे बरोबर आहे तिथे मॅडमनी हात फिरवलाय असं समजावं.

विषय माझ्या ब्रँचचा नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सची. बायॉलॉजी मी दहावीनंतर आनंदाने सोडली होती. ती परत हातात आली ती मामांमुळे.

मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात जॉबर आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. गेल्या वर्षी मार्चमध्ये पाळी बदलायच्या वेळी ते मागाजवळच कोसळले. हातपाय झटकत होते म्हणे. लोकांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, मग कोणीतरी शहाण्याने रिक्षा आणली. पुढे एमआरआय, पुण्यात ऑपरेशन, आणि सहा आठवड्यांनी एक रिपोर्ट. घरात इंग्रजी 'चांगलं' असलेली मी एकटी, म्हणून तो रिपोर्ट माझ्या हातात आला. त्यात लिहिलं होतं: ओलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्रेड २. आयडीएच म्युटेशन आहे. १पी/१९क्यू को-डिलीशन आहे. सीआयसी म्युटेशन आहे.

मामा समोर बसलेले. म्हणाले, "वाच की गं. काय म्हणलालाय?"

बारा वर्षांचं कॉन्व्हेंट त्या दिवशी काही कामाला आलं नाही. डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं, की मेंदूच्या गाठींमध्ये ही त्यातल्या त्यात सावकाश वाढणारी, औषधाला बऱ्यापैकी दाद देणारी जात आहे. घरच्यांना तेवढं पुरलं. माझ्या डोक्यात मात्र ती शेवटची तीन अक्षरं राहिली. सीआयसी म्हणजे काय? शोधलं तर निघालं, कापिकुआ. आणि हे नाव माणसात नाही, चिलटात ठेवलेलं!

चिलट म्हणजे आपल्या मेसमधल्या केळ्यांवर घोंघावतं तेच. शाळेच्या पुस्तकात 'फळमाशी' असतं, पण आपल्याकडे शेतकरी फळमाशी म्हणतो ती आंबा-पेरू नासवणारी मोठी माशी, ती वेगळी. हे चिलट दोन-तीन मिलिमीटरचं, नाव ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर. पिकलेल्या, आंबलेल्या फळावर जगतं. पंचवीस अंश तापमानाला अंड्यापासून पूर्ण वाढलेलं चिलट व्हायला साधारण दहा दिवस लागतात, म्हणजे आपल्या एका सेमिस्टरमध्ये त्याच्या दहा-बारा पिढ्या होतात. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्याचं चिलट सापडलं तेव्हापासून शास्त्रज्ञ या कीटकाच्या मागे आहेत. माणसाच्या आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचे भाऊबंद चिलटात सापडतात. हे वाचल्यापासून मी केळ्यावर टाळी मारताना जरा थबकते. (मारते, पण थबकून.)

आता मुख्य मुद्दा. चिलटाच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. डोक्याच्या पेशीत तोच, शेपटीच्या पेशीत तोच. मग एक डोकं का होते आणि दुसरी शेपूट का? मला वाटायचं, जिथे जे जनुक हवं तिथे ते 'चालू' होत असेल, बटण दाबल्यासारखं. खरी गोष्ट बऱ्याच ठिकाणी उलटी आहे. जनुक चालू व्हायला तयारच असतं, त्याला कोणीतरी धरून ठेवलेलं असतं. बाहेरून सिग्नल येतो तो जनुकाला ढकलायला नाही, धरणाऱ्याचा हात सोडवायला. धरून ठेवण्याला शास्त्रात रिप्रेशन म्हणतात. मराठी कोशात 'दमन' दिलंय, पण ते पोलिसांनी लाठीमार केल्यासारखं वाटतं. मी 'गप्प बसवणं' म्हणणार आहे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, जेकार्डवरून कळलं. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी मामांच्याच कारखान्यात तीन आठवडे ट्रेनिंग केलं होतं. बेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या शेडखाली, कानात कापूस घालून. एका मागाकडून तेलुगू, दुसऱ्याकडून कन्नड, मधून मामांचं मराठी, आणि सगळ्यांच्या वर मागांचा खडखडाट. तिथे एक जुना जेकार्ड होता, पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं फिरतात तो. मी विचारलं, भोक आलं की हुक वर उचलला जातो ना? मामा म्हणाले, "नाही. हुक सगळेच वर जायला बसलेत. पट्टी वर जाताना सगळ्यांना घेऊनच जाणार. जिथं भोक नाही तिथं पुठ्ठा सुईला ढकलतो, हुक पट्टीवरनं सरकतो, आणि खाली राहतो. नक्षी पुठ्ठ्यानं होते, भोकानं नाही."

त्यावेळी मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले. रिपोर्टनंतर आठवलं. जनुकं म्हणजे हुक, आणि गप्प बसवणारी प्रथिनं म्हणजे भोक नसलेला पुठ्ठा.

आता चिलटाचं अंडं बघू. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पहिल्या सुमारे तीन तासांत त्यात एक गंमत चालते. केंद्रकं विभागत राहतात, तेरा वेळा, पण मध्ये भिंती घालत नाहीत. सुमारे सहा हजार केंद्रकं एकाच पिशवीत, बहुतेक सगळी पृष्ठभागाजवळ येऊन बसलेली. हॉलमध्ये पार्टिशन न टाकता सहा हजार पोरं बसवल्यासारखं. त्यातली टोकांना बसलेली कोण आणि मधली कोण हे इथेच ठरतं.

टोकांवर 'टेललेस' आणि 'हकबाइन' नावाची दोन जनुकं चालू व्हावी लागतात. ती चालू झाली तर डोक्याचा पुढचा भाग आणि शेपटीकडचा भाग बनतो. ही जनुकं मधल्या केंद्रकांतही आहेत आणि तिथेही चालू व्हायला तयार आहेत. पण अंड्यात सगळीकडे कापिकुआ हे प्रथिन आईकडून आलेलं असतं. ते या जनुकांजवळच्या डीएनएवर बसतं आणि त्यांना गप्प ठेवतं. म्हणजे मूळ स्थिती 'बंद'.

मग टोकांवर काय होतं? अंड्याच्या आवरणावर सगळीकडे टॉर्सो नावाचा रिसेप्टर असतो. आपल्या भाषेत अँटेना. अँटेना सगळीकडे आहे, पण तिला चेतवणारं प्रथिन, ट्रंक, फक्त दोन टोकांना तयार स्वरूपात मिळतं. तिथे टॉर्सो जागा होतो आणि आत निरोप पाठवतो. रास, राफ, मेक, अर्क अशी साखळी आहे. पुढची तीन प्रथिनं एकाने दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी कामं करतात. शेवटचा अर्क केंद्रकात जातो आणि फॉस्फेट चिकटवतो ते थेट कापिकुआला. त्याबरोबर कापिकुआची पकड सुटते, ते केंद्रकातून बाहेर पडतं, नष्टही होतं. टेललेस मोकळं. ज्या जनुकासाठी एवढा खटाटोप झाला त्याला अर्कने हातसुद्धा लावलेला नाही!

आमच्या ब्रँचच्या लोकांना हे लगेच कळेल. नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट. बटण दाबल्यावर सर्किट तुटतं, आणि तुटल्यामुळे पुढचं काहीतरी सुरू होतं. दोन नकारांचा एक होकार.

पण हे असंच आहे, हे कळलं कसं? मला या विषयातला सगळ्यात आवडलेला भाग हा. कारण पद्धत शंभर टक्के जॉबरची आहे. एक एक पार्ट काढायचा आणि काय बिघडतं ते बघायचं. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी हायडेलबर्गमध्ये हजारो चिलटांच्या वंशात बिघाड घडवून अळ्यांचे नमुने तपासले. त्यांचा निबंध १९८० चा, आणि १९९५ मध्ये एड लुईस यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. चिलटाच्या जनुकांची नावं म्हणूनच गमतीची असतात. नाव जनुक काय करतं त्यावरून नाही, ते नसताना काय होतं त्यावरून पडतं. टेललेस नसेल तर शेपटीकडचा भाग नाही. टॉर्सो म्हणजे धड, कारण आईत हे जनुक बिघडलं तर अळीला धड असतं, टोकं नसतात. आणि कापिकुआ? कॅटलान भाषेत 'काप इ कुआ' म्हणजे डोकं आणि शेपूट. २००० साली हे नाव दिलं गेलं, कारण आईत ते बिघडलं की टोकांकडचे भाग बनतात आणि धड बहुतेक नाहीसं होतं. (त्या भाषेत १२२१ सारख्या उलटसुलट सारख्या आकड्यालाही हाच शब्द आहे. माझ्या रूममेटच्या स्कूटीचा नंबर असा आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.)

आता खरा प्रश्न. टॉर्सो बिघडवला तर टोकं जातात. कापिकुआ बिघडवला तर धड जातं. दोन्ही एकदम बिघडवले तर?

हे मी मामांना विचारलं, रेडिएशनच्या दिवसांत, वेळ जावा म्हणून. चिलटाचं न सांगता पॅनेलचं करून. म्हटलं, एक रिले आहे, तो मोटर बंद धरून ठेवतो. एक बटण आहे, ते दाबलं की रिले सुटतो. बटण तुटलं तर? "मोटर कधीच चालणार नाही." रिलेच काढून टाकला तर? "मोटर चालूच राहणार." आणि बटण तुटलंय, रिलेही काढलाय? मामांनी माझ्याकडे असं बघितलं की ही फी कशाची भरतात. "चालूच राहणार की. रिले नाही तर बटणाला कोण विचारतंय?"

चिलटानेही तेच उत्तर दिलं. कापिकुआ गेला की टेललेसला टॉर्सोची गरजच उरत नाही, ते मध्यभागीही चालू होतं. यावरून सिद्ध झालं की कापिकुआ हा सिग्नलच्या पुढे, जनुकाच्या जवळ बसलेला आहे, आणि सिग्नलचं काम त्याला हटवण्याचं आहे. एवढं साधं तर्कशास्त्र, आणि त्याच्यावर अख्खं शास्त्र उभं आहे.

२०२० मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने याच्यावर कडी केली. ज्या अंड्यांत टोकांचा सिग्नल पूर्ण बंद पाडलेला आहे अशी अंडी घेतली, त्यांत निळ्या प्रकाशाने रास चालू होईल अशी सोय केली, आणि फक्त दोन टोकांवर निळा प्रकाश टाकला. अळ्या निघाल्या, त्यांची चिलटं झाली. निसर्गात टोकाला सिग्नल जास्त आणि आत कमी होत जातो, पण इथे नुसता चालू-बंद प्रकाशही पुरला. प्रोजेक्टला एलईडी लावणाऱ्या आपल्यासारख्यांना जीव टाकावासा वाटेल असा प्रयोग आहे.

कापिकुआ एकटा काम करत नाही, त्याचा एक मदतनीस आहे. नाव ग्राउचो. त्याच्या एका सौम्य बिघाडात चिलटाच्या डोळ्यांच्या वर जास्तीचे राठ केस येतात, म्हणून ग्राउचो मार्क्स या जाड भुवयांच्या अमेरिकन विनोदी नटावरून नाव. ग्राउचो स्वतः डीएनएला धरू शकत नाही. तो कापिकुआच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर बसतो आणि आसपासचा डीएनए घट्ट गुंडाळला जाईल अशी व्यवस्था करतो. नॉच, विंगलेस, डीपीपी अशा कितीतरी सिग्नलच्या मार्गांवर शेवटी हाच सापडतो. २००५ मध्ये दिसून आलं की अर्क ग्राउचोलाही फॉस्फेट चिकटवतो आणि त्याची गप्प बसवण्याची ताकद कमी करतो. म्हणजे एक सिग्नल ग्राउचोमार्फत दुसऱ्या सिग्नलच्या कामात हात घालतो. शिवाय अर्क शांत झाल्यावरही ग्राउचोवरची ती खूण काही काळ टिकते. बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर धरून राहतो तसं.

हे सगळं परदेशातच चालतं असं मला वाटत होतं. तसं नाही. पुण्यात पाषाणला आयसर आहे, २००६ मध्ये सुरू झालेली संस्था. तिथे गिरीश रत्नपारखी यांची चिलटांची प्रयोगशाळा आहे. लॉस एंजेलिसला असताना त्यांनी ग्राउचोवरच काम केलं होतं. डॉर्सल नावाचं प्रथिन अंड्याच्या पोटाकडच्या बाजूला काही जनुकं चालू करतं आणि काहींना ग्राउचोच्या मदतीने गप्प बसवतं. एकच माणूस दोन्ही पाळ्या कशा करतो? त्यांच्या २००६ च्या निबंधात ही दोन कामं एकमेकांपासून सोडवून दाखवली आहेत. ग्राउचोला धरायची जागा बिघडवली की गप्प बसवणं जातं, चालू करणं राहतं.

आणि एल. एस. शशिधर. आधी हैदराबादच्या सीसीएमबीत आणि मग पुण्याच्या आयसरमध्ये त्यांनी जो प्रश्न धरला तो मेकॅनिकलवाल्यांना आवडेल. बहुतेक उडणाऱ्या कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात. चिलटाला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी हॉल्टर नावाच्या दोन इवल्या गदा असतात. त्या सेकंदाला सुमारे दोनशे वेळा हलतात आणि चिलट वळलं की कोरिऑलिस बलामुळे त्यांना ते कळतं. आपल्या मोबाइलमधला जायरोस्कोप याच तत्त्वावर चालतो. आता हॉल्टर आणि पंख मुळात सारखेच. हॉल्टरच्या ठिकाणी अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं जनुक चालू असतं, ते काढलं की चार पंखांचं चिलट होतं. एड लुईस यांचं ते प्रसिद्ध चिलट. पण एक जनुक पंखाची गदा कशी करतं? शशिधर यांच्या गटाने १९९९ पासूनच्या निबंधांत दाखवलं की ते पंख घडवणाऱ्या सिग्नलच्या मार्गांनाच अनेक ठिकाणी खाली दाबतं. २००६ मध्ये त्यांनी त्यात ईजीएफआर-रास हा मार्गही दाखवला. म्हणजे टॉर्सोच्या खालची तीच रास साखळी, फक्त अँटेना वेगळी. तो मार्ग हॉल्टरमध्ये मुद्दाम चढवला तर हॉल्टर थोडं पंखाकडे झुकतं.

आधीच्या गोष्टीत सिग्नल गप्प बसवणाऱ्याला हटवत होता. इथे गप्प बसवणारा सिग्नललाच हटवतो. मला हे वाचून आधी वैताग आला, म्हटलं एक काहीतरी ठरवा. मग लक्षात आलं, फीडबॅक लूपमध्ये आपण दुसरं काय करतो?

आता परत रिपोर्टकडे. माणसातलं कापिकुआचं जनुक १९ नंबरच्या गुणसूत्राच्या लांब हातावर आहे. १९क्यू म्हणजे तोच. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. को-डिलीशन म्हणजे १ नंबरचा आखूड हात आणि १९ नंबरचा लांब हात, दोन्हींची एकेक प्रत गाठीच्या पेशीतून गेलेली. त्याबरोबर कापिकुआचीही एक गेली. आणि सीआयसी म्युटेशन म्हणजे उरलेली एकुलती एक प्रतही बिघडलेली. रिले काढलेला. अशा गाठींपैकी बऱ्याचशा गाठींत हे जनुक बिघडलेलं असतं हे २०११ मध्ये कळलं. मग ईटीव्ही १, ४, ५ अशी जी जनुकं कापिकुआ गप्प ठेवतो ती सिग्नल नसतानाही चालू राहतात. २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूतून हे जनुक काढलं तेव्हा कच्च्या, अजून काही ठरलेलं नाही अशा पेशी जास्त वाढत राहिलेल्या दिसल्या. मामांच्या गाठीची सुरुवात मात्र बहुधा यातून नाही, आयडीएचच्या बिघाडातून होते, असं मानतात. रिले नंतर जातो.

हे सगळं एका रविवारी मी मामांना सांगितलं. या वेळी पॅनेल नाही, चिलट. मामींनी केळी आणून समोर ठेवली, एकही चिलट आलं नाही. मामांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "मग तो रिले परत बसवता येतो का?"

याचं उत्तर मी आधीच शोधून ठेवलं होतं, आणि ते 'नाही' होतं. औषध बहुतेक वेळा चालू असलेल्या गोष्टीला अडवतं. जी गोष्ट नाहीच तिला अडवणार काय? म्हणून कापिकुआसाठी औषध नाही. आयडीएचचं म्हणाल तर बिघडलेलं एन्झाइम चालू असतं, त्याला अडवता येतं. वोरासिडेनिब नावाचं असं औषध २०२४ मध्ये अमेरिकेत ग्रेड २ च्या गाठींसाठी मंजूर झालं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रेडिएशन आणि केमो नीट पार पडलेत, आत्ता गरज नाही, नाव लक्षात ठेवा. मामांनी फाइलच्या आतल्या बाजूला ते नाव माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतलं. त्याच्या खाली, मी न सांगता, त्यांनी स्वतः लिहिलं: कापिकुआ, रिले.

जानेवारीपासून मामा परत कारखान्यात जातात, फक्त दिवसपाळीला. चालू मागाजवळ उभं राहायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. फिट कधी येईल सांगता येत नाही. म्हणून मालकांनी त्यांना डिझाइनच्या खोलीत बसवलंय, जुन्या जेकार्डची कार्डं तपासायला. कुठे नको तिथे भोक पडलंय का ते बघतात. पुढचा एमआरआय माझ्या पाचव्या सेमिस्टरच्या पेपरांच्या आठवड्यात आहे. मी तारीख बदलून मागितली नाही. डिजिटलचा पेपर सकाळी आहे आणि एमआरआय दुपारी चारला.